तारे मोजणारे, तास मोजणारे आणि मेकॅनिकला विचारणारे

दुकानात एसीवर किंवा फ्रीजवर चिकटवलेल्या बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) लेबलात कामाच्या चार गोष्टी असतात: तारे, वर्षाला लागणारी युनिटे, मॉडेलचा तपशील आणि ते लेबल कोणत्या काळासाठी लागू आहे ते. एसीवर शिवाय आयएसईईआर नावाचा एक आकडा असतो. गिऱ्हाइकाची नजर यांतल्या कशावर आधी थांबते ते पाहिले, की हा माणूस विचार कसा करतो ते कळते. पुढे तो कुठे फसणार आहे, तेही बरेचसे कळते.

वीजबचतीच्या मोहिमा लोकांना माहिती नसते असे धरून चालतात. गोव्यात तरी तसे दिसत नाही. पणजीच्या फ्लॅटपासून सत्तरीतल्या वाड्यापर्यंत पाच स्टार म्हणजे कमी वीज हे सगळ्यांना ठाऊक आहे. गडबड होते ती त्याच्या पुढे. कोणी तारे मोजून थांबतो, कोणी चुकीचे तास धरून अगदी अचूक गुणाकार करतो, कोणी मेव्हण्याच्या एसीतल्या जळलेल्या पीसीबीची (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीची) हकिगत ऐकून बेतच बदलतो. यांतले कोणीही मूर्ख नसते. प्रत्येकाने स्वतःला विचारलेला प्रश्न मात्र वेगळा असतो, आणि यंत्राची निवड त्या प्रश्नावर ठरते.

ताऱ्यांवर थांबणारी नजर

स्टार लेबलची योजना २००६ साली सुरू झाली. एका नजरेत ठरवता यावे म्हणूनच तारे दिले आहेत, तेव्हा तारे बघून ठरवणाऱ्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. अडचण अशी, की आपण ताऱ्यांना हॉटेलच्या किंवा मोबाइलवरच्या रेटिंगसारखे वाचतो. जास्त तारे म्हणजे चांगली वस्तू, टिकाऊ वस्तू, कमी बिल, असे सगळे त्यात आपोआप भरले जाते. लेबल एवढे काही सांगत नाही. त्या जातीच्या आणि त्या आकाराच्या यंत्रांत हे यंत्र कुठे बसते, इतकेच ते सांगते. दोन दारांचा मोठा फ्रीज चार ताऱ्यांचा असला, तरी तीन ताऱ्यांच्या छोट्या एकदारी फ्रीजपेक्षा वर्षाला जास्त युनिटे खाऊ शकतो. ही चूक आपल्याकडचीच नाही. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की ग्राहक कार्यक्षमतेच्या श्रेणीवर इतका विसंबतो की शेजारी छापलेला प्रत्यक्ष वापराचा आकडा त्याला दिसतच नाही.

तारे शिळेही होतात. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष कडक झाले तेव्हा आदल्या दिवशीचा पाच ताऱ्यांचा एसी दुसऱ्या दिवशी चार ताऱ्यांचा झाला. यंत्र तेच राहिले. म्हणून सवलतीत निघालेल्या जुन्या मालासमोर उभे असाल तर तारे सोडा, लेबलचा काळ बघा आणि युनिटांशी युनिटे ताडून पाहा. "दादा, फाइव्ह स्टार आहे" हे विक्रेत्याचे बोलणे खोटे नसते, फक्त ते कोणत्या वर्षाचे फाइव्ह स्टार हे तो सांगत नाही.

ताऱ्यांचा सगळ्यात मजेदार घोळ गिझरमध्ये आहे. साठवणीच्या गिझरचे तारे पाणी तापवायला किती वीज लागते यावर ठरत नाहीत. तापलेले पाणी नुसते पडून असताना किती उष्णता बाहेर जाते, त्यावर ठरतात. पाणी तापवायला लागणारी वीज एक स्टारला आणि पाच स्टारला जवळजवळ सारखीच. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.५८ युनिट लागते, म्हणजे दोन किलोवॉटचा गिझर ते १७-१८ मिनिटांत करतो. ताऱ्यांना याच्याशी काही देणेघेणे नाही. ज्या घरात गिझरचे बटण सकाळी सहाला चालू होते आणि रात्री झोपताना कोणाला तरी आठवले तर बंद होते, तिथे पाच तारे आपली किंमत वसूल करून देतात. आंघोळीच्या वीस मिनिटे आधी चालू करून लगेच बंद करणाऱ्या घरात तो पैसा भिंतीवर टांगून ठेवल्यासारखा आहे. ज्यांच्या न्हाणीतल्या भाणीखाली अजून नारळाची सोडणे आणि करवंट्या जळतात, त्यांनी तर हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

हिशेब करणाऱ्यांचा हिशेब

आता दुसऱ्या टोकाचा ग्राहक. हा मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडूनच दुकानात शिरतो. किमतीतला फरक भागिले वर्षाची बचत, म्हणजे पैसे किती वर्षांत सुटतात, हे त्याचे सूत्र. सूत्र बरोबर आहे. त्यात भरलेले दोन आकडे मात्र बहुतेक वेळा चुकलेले असतात.

पहिला आकडा तासांचा. एसीच्या लेबलवरची युनिटे वर्षाला १६०० तास धरून काढलेली असतात. तुमच्या खोलीतला एसी किती तास चालतो त्याचा लेबलला पत्ता नसतो. गोव्यात रात्रीचा एसी मार्च ते मे आणि मग ऑक्टोबरच्या उकाड्यात चालतो असे धरले, तर १२० रात्री गुणिले आठ तास, म्हणजे ९६० तास झाले. जूनमध्ये पाऊस लागला की बरीच घरे एसी विसरतात. उलट पर्वरीच्या फ्लॅटमध्ये घरून काम करणाऱ्याचा एसी २४०० तासही सहज गाठतो.

दुसरा आकडा दराचा. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतात आणि ते ठरवते संयुक्त वीज नियामक आयोग. लोक बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागतात आणि सरासरी दर काढतात. पण यंत्र बदलल्यावर वाचणारी युनिटे सगळ्यांत वरच्या टप्प्यातून कमी होतात, आणि स्थिर आकार तर एक पैसाही हलत नाही. तेव्हा बिलावर तुमचा शेवटचा टप्पा कोणता ते पाहा आणि फक्त त्याचाच दर धरा. पुण्या-मुंबईत बनलेले "पाच स्टार घ्या, तीन वर्षांत पैसे वसूल" असे व्हिडिओ गोव्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते याच कारणाने. तिथल्या वरच्या टप्प्याचा दर आपल्यापेक्षा बराच चढा आहे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. दीड टनाचे दोन एसी घ्या. तीन स्टारच्या लेबलवर ९७५ युनिटे, पाच स्टारच्या लेबलवर ७५०, किमतीत ८००० रुपयांचा फरक, आणि हिशेबापुरता शेवटच्या टप्प्याचा दर ५ रुपये. १६०० तासांना फरक २२५ युनिटांचा, म्हणजे तासाला ०.१४ युनिट. आता तुमचे तास घाला. ९६० तासांना १३५ युनिटे, ६७५ रुपये. पैसे सुटायला जवळपास बारा वर्षे. १६०० तासांना ११२५ रुपये, सात वर्षे. २४०० तासांना १६८७ रुपये, पाच वर्षांच्या आत. यंत्रे तीच, लेबले तीच, आणि उत्तर "मुळीच नको"पासून "जरूर घ्या"पर्यंत फिरले.

आपले तास कसे कळणार? घरात आधीच एसी असेल तर वीज खात्याची जुनी बिले काढा. जानेवारीचे बिल १८० युनिटांचे आणि मेचे ३३० युनिटांचे असेल तर १५० युनिटे उन्हाळ्याची. त्यात पंख्यांची वाढ थोडी असते, ती अंदाजे २० धरून वजा करा. राहिली १३०. एसी तासाला सरासरी ०.६ युनिट घेत असेल तर महिन्याला २१५-२२० तास. फार बारीक उत्तर नाही हे, पण लेबलवरच्या १६०० पेक्षा तुमच्या घराच्या कितीतरी जवळचे आहे.

हिशेबी माणसाला आणखी एक चकवा बसतो, तो आयएसईईआरमध्ये. हा आकडा म्हणजे एका युनिट विजेत किती युनिट थंडावा मिळाला ते गुणोत्तर. ३.३ वरून ३.८ आणि ४.५ वरून ५.० या दोन्ही उड्या अर्ध्याच्या, म्हणून बचतही सारखीच वाटते. वर्षाला ३७५० युनिट थंडावा लागतो असे धरून भागाकार करा. पहिल्या उडीत ११३६ वरून ९८७, म्हणजे १४९ युनिटे वाचतात. दुसऱ्या उडीत ८३३ वरून ७५०, म्हणजे ८३. गाड्यांच्या मायलेजबाबत लॅरिक आणि सोल या दोन संशोधकांनी २००८ साली हाच भ्रम दाखवला होता. सांगायचे ते हे, की अगदी जुन्या, निकामी होत आलेल्या यंत्रातून मधल्या दर्जाच्या यंत्रावर येण्यात मोठी बचत असते; मधल्यातून वरच्यावर जाताना ती आटत जाते आणि किंमत मात्र चढत जाते.

अर्थशास्त्रज्ञ जेरी हाउसमन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या खोलीच्या एसींची खरेदी तपासली, तेव्हा ग्राहक भविष्यातल्या बचतीला साधारण २० टक्के दराने कापून मोजतात असे निघाले. म्हणजे पुढच्या वर्षी वाचणारा रुपया आज ८३ पैशांचा. तेव्हापासून ग्राहकाला अधीर आणि अदूरदर्शी म्हणायची पद्धत पडली. मला ते पूर्ण पटत नाही. कांदोळी किंवा कोळव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या घरात, जिथे आउटडोअर युनिटची जाळी खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत पांढरी पडू लागते, तिथे बारा वर्षांच्या बचतीवर विश्वास न ठेवणारा माणूस अधीर नाही, अनुभवी आहे.

जिथे बचत आहे तिथे नजर जात नाही

संशोधक शाहझीन अत्तारी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेत ५०५ जणांना विचारले, की वीज वाचवण्याचा सगळ्यात प्रभावी उपाय कोणता. बहुतेकांनी दिवे बंद करणे यासारखी वापर आवरण्याची उत्तरे दिली. चांगले यंत्र बसवण्याचा विचार फार थोड्यांना सुचला. मोठ्या यंत्रांचा खप तर लोकांनी खऱ्यापेक्षा खूपच कमी सांगितला. डोळ्यांना दिसते ते डोक्यात राहते. दिवा दिसतो. पंख्याची मोटर दिसत नाही.

आणि गोव्यात खरी बचत पंख्यातच आहे. जुना छताचा पंखा पूर्ण वेगात ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा २८ ते ३५. इथे पंखा जानेवारीतल्या थोड्या रात्री सोडल्या तर वर्षभर फिरतो. दिवसाला १० तास, ३३० दिवस, ४५ वॉटांचा फरक: १४८ युनिटे. वरच्या उदाहरणात ९६० तास चालणाऱ्या पाच स्टार एसीने १३५ वाचवली होती, तीही आठ हजार जास्त मोजून. बीएलडीसी पंखा साध्यापेक्षा पंधराशे रुपयांनी महाग धरला तर ५ रुपये दराने दोन वर्षांत पैसे सुटतात. बिल खालच्या टप्प्यात असेल आणि दर ३ रुपयेच पडत असेल, तरी साडेतीन वर्षांच्या आत. एवढे असून एसीसाठी तीन दुकाने पालथी घालणारा माणूस पंखा घेताना रंग बघतो.

पंखा घेताना खोक्यावर दोन आकडे वाचा: वॉट, आणि मिनिटाला किती घनमीटर हवा. वॉट कमी आणि हवाही कमी, तर ती फसवणूक. १२०० मिलिमीटरच्या पंख्याला २१० ते २३० घनमीटर हवा असावी. बसवताना जुना रेग्युलेटर काढून वायर सरळ जोडून घ्या. बीएलडीसी पंख्याला पूर्ण व्होल्टेज लागते. वेग त्याच्या आतले सर्किट ठरवते. रेग्युलेटर मध्ये राहिला तर पंखा घुमतो, अडखळतो, आणि सर्किट लवकर जाते. मग "बीएलडीसी टिकत नाही" अशी बोंब होते. कौलारू घरात छप्पर उंच असेल तर लांब दांडा लावून पाती जमिनीपासून आठ-दहा फुटांवर आणा. आणि चारही पंखे एकदम बदलू नका. हॉलचा आणि झोपायच्या खोलीचा आधी. देवघरासमोरचा पंखा आरतीपुरता फिरतो, तो जुनाच राहू दे.

पंखा आणि एसी यांची सांगड घालताना एक बारीक खोच आहे. एसीचे तापमान एक अंश वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते असे बीईई सांगते. २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर येतात ते त्यासाठीच. ९७५ युनिटांचा एसी २४ ऐवजी २६ वर ठेवला तर साधारण ११४ युनिटे वाचतील. उकडू नये म्हणून सोबत पंखा लावणार. पंखा बीएलडीसी असेल तर १६०० तासांना ४८ युनिटे जातील आणि ६६ हातात राहतील. पंखा ७५ वॉटचा जुना असेल तर तो १२० खाईल. सगळी बचत गेली, वर सहा युनिटांचा भुर्दंड.

फ्रीजचे गणित छोटे आहे. एकदारी फ्रीजमध्ये तीन आणि पाच स्टारमधला फरक वर्षाला बहुधा ३०-५० युनिटांचा असतो. तो वसूल व्हायला फ्रीजचे जवळपास सगळे आयुष्य लागते. तिथे योग्य आकार निवडणे जास्त महत्त्वाचे. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचे बटण बंद न करता नुसता रिमोट दाबला आणि तो १० वॉट खात राहिला, तर वर्षाला ८८ युनिटे होतात. फ्रीजच्या दोन ताऱ्यांपेक्षा जास्त.

मोठा चोर म्हणजे दुसरा फ्रीज. नवा घेतला की जुना व्हरांड्यात किंवा कोठीत जातो, "मासळीला होईल" म्हणून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा सुंगटे आणि इसवण साठवायला त्याचा उपयोग होतो हे खरे. मग श्रावण लागतो, मग चवथ येते, घरात मासळी शिजत नाही, आणि तो रिकामा डबा मात्र घरघरत राहतो. प्लगमध्ये लावायचा छोटा एनर्जी मीटर मिळतो. तो चोवीस तास लावून आलेल्या आकड्याला ३६५ ने गुणा. दाराचे रबर बुरशीने कडक झाले असेल तर आकडा पाहून चमकाल. रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढली गेली तर रबर बदला, नाहीतर फ्रीजच द्या काढून.

मेकॅनिकचा शब्द

गोव्यात तारे आणि हिशेब या दोन्हींपेक्षा जास्त चालतो तो ओळखीच्या माणसाचा शब्द. "इन्व्हर्टर एसी नको बाय, पीसीबी गेली तर सहा-सात हजारांना पडते," असे मेकॅनिक म्हणाला की लेबलची सगळी विद्या पाण्यात. एक ठसठशीत किस्सा डोक्यात दहा आकड्यांना हरवतो. तरी तो मेकॅनिक खोटे बोलत नाही. किनाऱ्यावरची दमट खारी हवा, पावसाळ्यातली विजेची ये-जा, आणि आउटडोअर युनिटच्या उबेला येणाऱ्या मुंग्या आणि पाली, या सगळ्यांनी पीसीबी जातात.

फक्त त्याचे म्हणणे कोणत्या निवडीला लागू पडते ते पाहायला हवे. आज बाजारातले तीन स्टारचे बहुतेक स्प्लिट एसीही इन्व्हर्टरच, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारे, असतात. पीसीबी दोघांतही आहे. तेव्हा "पीसीबी जाते म्हणून पाच स्टार नको, तीन स्टार घेतो" या वाक्यात धोका कमी झालेला नाही, फक्त मनाचे समाधान झाले. धोका कमी करायचा तर वॉरंटीचे कार्ड उघडा. दहा वर्षांची म्हणून मिरवतात ती बहुधा कॉम्प्रेसरची वॉरंटी असते. पीसीबीची किती वर्षे, ते वेगळे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. कॉइल तांब्याची आणि गंजरोधक लेप दिलेली हवी. आउटडोअर युनिटचे तोंड समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला नको. स्टँड गॅल्व्हनाइज्ड, बोल्ट स्टेनलेस. पावसाळा संपल्यावर एकदा आणि मार्चमध्ये एकदा, मेन बंद करून कॉइल साध्या पाण्याने हलक्या धारेने धुऊन घ्या. मीठ बसलेली कॉइल उष्णता सोडत नाही आणि पाच ताऱ्यांचा एसी तीन ताऱ्यांसारखा खाऊ लागतो. अर्थिंग तपासून घ्या. संध्याकाळी सातच्या सुमाराला व्होल्टेज मोजा आणि यंत्रावर दिलेल्या मर्यादेत आहे का पाहा. मर्यादेबाहेर जात असेल तरच स्टॅबिलायझर.

मेकॅनिकचा दुसरा आवडता सल्ला मात्र साफ मोडीत काढावा: "दोन टनच घ्या, पटकन थंड होते." बारा बाय दहाच्या खोलीला एक टन बहुधा पुरतो, १८० चौरस फुटांपर्यंत दीड; वर तापणारा स्लॅब किंवा पश्चिमेची भिंत असेल तर थोडा चढा. गोव्यात गारव्याइतकाच प्रश्न दमटपणाचा आहे. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि मंदावतो, हवेतले पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार आणि ओलसर राहते, गाद्यांना वास येतो, मग माणूस तापमान आणखी खाली आणतो.

काही जण यंत्राकडे बघतच नाहीत, घराकडे बघतात. आधी खिडकीवर छज्जा, पश्चिमेला पडदा, स्लॅबवर पांढरा रंग, मग एसी. या लोकांना दुकानदार कंटाळतात, पण त्यांचे बरोबर असते. नुसत्या कौलांखालच्या खोलीत, जिथे कौलांच्या फटींतून उजेड दिसतो, कितीही ताऱ्यांचा एसी बसवा, तो अंगण थंड करत बसणार. तिथे आधी इन्सुलेशनसह छत घालून खोली बंद करायला हवी. त्या खर्चापुढे ताऱ्यांचा फरक किरकोळ आहे.

यंत्र घेणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, असे असले की विचार कसाही करा, उपयोग नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मालक स्वस्त एसी लावतो, भाडेकरू बिल भरतो. भाडेकरूने करार करतानाच लेबलचा फोटो मागावा. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्यांनी मात्र पाच स्टारच घ्यावा: पाहुणा १८ वर ठेवून दार उघडे टाकणार, तास भरपूर होणार आणि बिल तुमचे. परदेशात किंवा बोटीवर असलेल्यांच्या, वर्षातून महिनाभर उघडणाऱ्या घराला तीन स्टार पुष्कळ.

पुरेसे झाले की थांबा

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५६ साली एक साधी गोष्ट मांडली: माणूस सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसे चांगले सापडले की थांबतो. ऐकायला हे कमीपणाचे वाटते, पण यंत्रे घेताना ही पद्धत फार कामाची आहे. सर्वोत्तमाच्या मागे लागलेला माणूस चौदा मॉडेल ताडत चार रविवार घालवतो, आणि शेवटी ७४० आणि ७६० युनिटांच्या दोन एसींत अडकतो. फरक वर्षाला वीस युनिटांचा. शंभर रुपये.

घरून निघतानाच कागदावर तीन मर्यादा लिहा. खोलीच्या मापाने टन. तुमच्या तासांनी काढलेला किमतीतला फरक, जो पाच-सहा वर्षांत सुटेल इतकाच. वरच्या उदाहरणातल्या ९६० तासांच्या घराला ३५०० ते ४००० रुपये. आणि पीसीबीच्या वॉरंटीची किमान वर्षे. या तिन्हींत बसणारे पहिले मॉडेल घ्या. बिनव्याजी हप्त्यावर घेत असाल तर दोन मॉडेलांच्या हप्त्यांतला फरक महिन्याच्या बचतीशी ताडू नका. हप्ते वर्षात संपतात, बचत चालू राहते. दोन्ही गोष्टी वर्षांत मोजा.

दुकानात वाचलेला वेळ फिटिंगच्या दिवशी वापरा. तांब्याची नळी जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढावी लागते. त्याला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि दिवसाला सहा एसी बसवायचे असलेल्या फिटरला तेवढा वेळ नसतो. तो थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतो आणि "झाले" म्हणतो. आत राहिलेली हवा दाब वाढवते, ओल तेलात मिसळून कॉम्प्रेसर खाते, आणि सोडलेला गॅस भरलेल्या मापातून कमी होतो. तारे तिथेच, पहिल्या दिवशी गळतात. पंप आणला आहे का ते चहा देण्याआधी विचारा. गेजचा काटा खाली गेल्यावर व्हॉल्व्ह आणि पंप बंद करायला लावा, आणि काटा दहा मिनिटे तिथेच राहतो का ते उभे राहून बघा. वर सरकला तर कुठे तरी गळती आहे, फ्लेअर नट पुन्हा आवळून घ्या. गॅस सोडल्यावर जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. पाण्याच्या पाइपला बाहेरच्या बाजूला उतार हवा. आणि जाताना फिटर बाहेरच्या जोडांवरचे इन्सुलेशन गुंडाळायला विसरतो, त्याला हाक मारून परत बोलवा.